डाव्या हाताचा रकाना

मडगावला, बेकरीच्या वरची खोली.
खोक्याला पुढून काळं कापड,
दोन भोकं, मनगटांपुरती.
डेन्झिल, वय सात, आसोळण्याहून आलेला.
आई बाहेर बाकावर, पिशवी मांडीवर घट्ट.

उजवा हात आत गेला:
चमचा. बटण. किल्ली.
मग शिंपला.
"खुबो," म्हणाला, "तिसरी न्हय, रेघो आसात."
माझ्या फॉर्मवर नुसतं 'शिंपला'.
बरोबर.

डावा हात मीच आत नेला,
मूठ सोडवली एकेक बोट करत,
अंगठा तळव्यात रुतलेला, तो शेवटी.
नाणं ठेवलं.
तो छताकडे बघत राहिला,
ओळखीच्याचं नाव आठवेना की बघतो ना आपण, तसा.
"थंड," म्हणाला.
बऱ्याच वेळाने, "कितें तरी आसा."

आणि मग त्याने मनगट कलतं केलं.
नाणं खोक्यात पडलं, गोल गोल फिरलं, निजलं.
"पांच रुपये!"
हसला. डावा खांदासुद्धा हसला.

कानासाठी रकाना नाही.
मी शून्य लिहिलं,
समासात पेन्सिलीने 'ऐकलं'.
रिपोर्टात ते जाणार नाही.

रात्री जिन्यात वीज गेलेली.
पर्समध्ये हात घातला,
डावा, कारण उजव्यात दुधाची पिशवी:
रुमाल, गोळ्यांची पट्टी, कंगवा, किल्ली.
क्षणही लागला नाही.

कुलपापुढे तशीच उभी राहिले जरा,
अंधारात,
अंगठ्याने तिचे दात मोजत.