दोन ए

टॉडमॉर्डनमध्ये, कालव्याच्या लॉकपाशी,
जिथे पूर्वी कोंबड्यांचं खाद्य विकायचे,
तिथे डोरीन ग्रीनवुडचा छापखाना.
दारावर पाटी नाही. जगाची कार्डं छापणारीकडे
स्वतःचं कार्ड नाही. विचारलं तर म्हणते,
ज्याला मी हवी असते त्याला मी सापडते.

यंत्र हातानं दाबायचं, नाव अडाना.
मी मनातल्या मनात ण लावून घेतला, रात्रीचा राग झाला.
शेवटी ई लावली असती
तर आम्ही दोघं सारखेच.

नाव?
अपराजिता वालावलकर.
तिनं ते इंग्रजीत लिहून घेतलं,
पेन्सिलीनं अक्षरांवर टिंबं देत गेली
आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाली,
पोरी, पहिला मोठा सोडला तरी तुला सात ए लागतात.
खणात पाच आहेत.

आता हिला कसं सांगू
की आमच्याकडे अ फुकट मिळतो,
अक्षराच्या पोटातच असतो,
दिसत नाही, कुणी मोजत नाही.
इथे एकेक शिशाचा. संपला की संपला.

मीच म्हटलं, आडनाव गाळू या का?
केटलकडे गेलेला हात
तिनं मागे घेतला.

मग फळीवरून उतरवला
दोऱ्यानं बांधलेला एक ठोकळा, तळहाताएवढा.
उलटी अक्षरं. मी आरशातल्यासारखी लावत लावत वाचली:
हॅना बॅरक्लफ. खाली, बारीक, हॅट्स.
दर मार्चला यायची, लग्नांच्या मोसमाआधी,
दोनशे कार्डं, करडा कागद, जांभळी शाई.
गेले तीन मार्च आली नाही.

मग सोडला का नाहीस? खिळे खणात का नाही टाकलेस?
डोरीन म्हणाली, दोरा चांगला होता.

चिमटा होता शेजारी, तरी नखांनीच काढले तिनं
हॅनाच्या नावातले दोन ए.
त्या जागी कोरे खिळे बसवले,
न छापणारे, नुसती जागा धरून बसणारे.
खालची ओळ मात्र अख्खी उचलली,
पहिलं अक्षर बदललं, तिसरं बदललं,
मधला ए, शेवटचा एस जागच्या जागी:
मॅप्स.
(मी चालणाऱ्यांसाठी नकाशे काढते.
पायवाटा, कुंपणावरच्या पायऱ्या,
कुठल्या शेतात बैल मोकळा असतो ते.)
मग हॅनाला पुन्हा दोरा.
चार वेढे, टोक आत खोचलेलं.

दांडा खाली, दांडा वर.
पहिली पंधरा तिनं फेकली.
एकात शाई जास्त, एकात अपराजिता
केसभर डावीकडे. मला काहीच दिसत नव्हतं.
फेकलेल्यांतली दोन मी खिशात घातली.

कापसाचा जाड कागद.
मागून बोट फिरवलं तर आडनाव
घामोळ्यासारखं लागतं.
हेब्डन ब्रिजच्या बाजारात एकीनं कार्ड घेतलं,
वाचलं नाही, अंगठ्यानं चाचपत राहिली,
शेवटी म्हणाली, हे म्हणायचं कसं?
मी म्हटलं, आधी आठ वेळा तोंड उघडा.

यातले ते दोन कुठले, मला ओळखू येत नाहीत.
डोरीनला येतात. सांगत नाही.

त्याच संध्याकाळी, मी कार्डं खोक्यात भरत असताना,
ते दोन तिनं घासलेटनं पुसले
आणि परत हॅनात बसवले. हॅट्सही पुन्हा हॅट्स.
दिवा मालवता मालवता मी विचारलं,
ही संपली की काय करायचं?

ये की, म्हणाली.
विचारू तिला.