शून्याचा चौथा हिस्सा

फाइल शिवायला मी दाभण वापरते.
पांढरा दोरा, तीन भोकं, मागे गाठ,
गाठीवर कागदाचा चौकोन, त्यावर शिक्का,
अर्धा चौकोनावर, अर्धा पानावर,
म्हणजे वाटेत कुणी पान काढलं तर कळावं.
ओशच्या कोर्टात एकोणीस वर्षं हेच शिवते आहे.
आई म्हणायची, त्यापेक्षा रजया शिवल्या असत्यास.

आयझिरेकची फाइल ही तिसऱ्यांदा.
नवरा मयरमबेक, मुक्काम नोवोसिबिर्स्क.
निकाल : मुलगा अठरा वर्षांचा होईतो
बापाच्या कमाईचा चौथा हिस्सा.
पहिल्या खेपेला आठ महिन्यांनी उत्तर आलं :
भाषांतरावर सही आहे, तारीख नाही.
दुसऱ्या खेपेला :
सदर इसम सदर पत्त्यावर आढळत नाही.

आढळतो कुठे, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक.
त्याची चुलत बहीण बाजारात जर्दाळू विकते,
तिच्या फोनमध्ये त्याची नवी टॅक्सी, पिवळी,
बॉनेटवर बर्फ, बर्फावर कोपर टेकून तो.
पण बहिणीचा फोन म्हणजे पुरावा नव्हे,
हे आयझिरेकला मलाच सांगावं लागलं.

कागदोपत्री तो काही कमवत नाही.
शून्याचा चौथा हिस्सा काढून दाखवा,
मी साहेबांना म्हटलं.
ते म्हणाले, रकाना रिकामा सोडू नका, एवढंच बघा.

या वेळी ती मुलाला घेऊन आली.
पहिल्या अर्जात तो दीड वर्षाचा होता,
दूध, लंगोट, खोकल्याचं औषध असा खर्च मांडलेला.
आता दुसरीत आहे, पुढचे दात पडलेत.
मेजावर वाकून त्याने मोठ्याने वाचलं :
बापाचं नाव, जन्मगाव,
आणि खाली स्वतःचं नाव, पुढे 'हक्कदार'.
म्हणजे काय?
ज्याचं येणं असतं तो, मी म्हटलं.
त्याने दाराकडे पाहिलं.
"कोण येणार आहे?"

आयझिरेकने दोरा दातांनी तोडला.
कात्री मेजावरच होती, तिच्या हाताशी.

इथून बिश्केक, तिथून मॉस्को,
मॉस्कोहून तो प्रांत, मग तो जिल्हा,
मग कुणीतरी बेलिफ, थंडीत, चौथा मजला, घंटी बंद.
पुढचं मी कधी पाहिलेलं नाही.

शिक्का जरा वाकडा उमटला. चालेल.
तारीख मात्र मी पाहिली,
दोनदा.