सतरावं पान

कॅलिफोर्नियात, मर्सेड गावात, त्या वर्षी
मी घरं विकत नव्हते, घरांचे कागद फॅक्स करत होते.
(त्याआधी केस कापायचे. परीक्षा सोपी होती.)

ओदिलिया बेत्तेंकूरचं घर:
तीन बेडरूम, दारात लिंबाचं झाड,
कर्ज तीन लाख बारा हजार,
बाजारभाव एक लाख अठरा.
मधला खड्डा कुणाचा,
हे ठरवायला बँकेला सात महिने लागले.

"अडचण काय आली ते लिहून द्या," मी म्हणाले,
"एका पानात. तारीख, सही."
नवरा डेअरीत होता. गाई लिलावात गेल्या,
त्याची पाठ त्याआधीच गेली होती.
एवढं पुरलं असतं.
ओदिलियानं लिहून आणलं:

हॉलची खिडकी जुलैत अडकते, खांद्यानं ढकला.
गिझर आधी ओरडतो, घाबरू नका.
लिंबाला मंगळवारी पाणी. नळ करंगळीएवढा,
अर्धा तास.
घाई केलीत तर सगळं रस्त्यावर जातं.

"हे दुःख नाही," मी म्हणाले. "यात दुःख घाला."
दुसऱ्या खेपेला तिनं इतकं घातलं
की बँकेतल्या डेरेकनं फोन करून विचारलं,
बाई बऱ्या आहेत ना?
तिसऱ्या खेपेला मीच लिहिलं.
परक्याचं दुःख मला बरं जमतं,
समास सोडून, दोन्ही बाजूंनी सरळ.

त्रेचाळीस पानं गेली.
उत्तर: सतरावं पान मिळालं नाही.
पुन्हा त्रेचाळीस.
उत्तर: सतरावं मिळालं, पण साठ दिवसांहून जुनं आहे,
ताज्या तारखेचं पाठवा.
मग डेरेकची बदली झाली.
त्याच्या जागी आलेल्या बाईला नाव नव्हतं, एक्स्टेन्शन होतं.

घेणारे थांबले. ब्लिया वांग आणि तिचा नवरा
दर रविवारी समोर गाडी लावून बसायचे, उतरायचे नाहीत.
ऑफर दिली तेव्हा तिला सहावा महिना होता,
पुढे मागच्या सीटवर बाळ दिसायला लागलं.
शेजारच्या रिकाम्या घराचं मेलेलं गवत
कुणीतरी स्प्रेनं हिरवं करून गेलं होतं.
लांबून छान. जवळ गेलं
की भिंतीचा खालचा वीतभर भागही हिरवा.

ऑगस्टात पत्र आलं, दोन ओळींचं.
उरलेल्या रकमेवर बँकेनं पाणी सोडलं.
दुसऱ्या कर्जवाल्याला तीन हजार,
मला कमिशन, तेही कापून,
ओदिलियाला शून्य. त्यासाठी छापील रकाना होता.

किल्ली द्यायला ती आली नाही, पायरीवर ठेवून गेली.
मी ब्लियाला किल्ली दिली,
आणि फाइलच्या तळातून ते पहिलं पान.
ओट्यावर ठेवून, बोट फिरवत तिनं ते
नवऱ्याला मोंग भाषेत वाचून दाखवलं.
त्यानं खिडकीला खांदा लावला.
"आज वार कोणता?" तिनं विचारलं.
शुक्रवार होता.

मंगळवारी त्या रस्त्यानं जायचं मला काही कारण नव्हतं.
समोर ओदिलियाची गाडी होती. ती आत बसलेली.
दारात ब्लिया, कडेवर बाळ,
एका हातानं पाणी सोडत होती.
आधी भलतंच सुटलं. आळं भरून,
फुटपाथ ओलांडून
ओदिलियाच्या चाकापर्यंत आलं,
आणि मग कुणीतरी नळ
हळूहळू बारीक केला.