बीड

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
लेथ गप्प, ग्राइंडर गप्प,
रस्त्यावर तेलाचे डाग आणि ते हुंगत जाणारं एक कुत्रं.
म्हणून आमचं रेकॉर्डिंग सोमवारी.

पॅटर्न शॉपचा माळा,
भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला गादी.
गादीला अजून
कुणाच्या तरी बाळंतपणातल्या ओव्याचा वास.

सन्मतीनं डबल पेडल स्वतः वेल्ड केलेलं
भंगारातल्या बेअरिंगवर.
"विकतच्याला माझा पाय कळायचा न्हाई," म्हणायचा.
इर्शादची गिटार दोन सूर खाली उतरवलेली,
तारा इतक्या सैल
की त्याचे चुलते म्हणाले, कपडे वाळत घालायला बऱ्या.

आणि रेवती.
आठवडाभर पतपेढीच्या काउंटरवर
काचेआडून हळू आवाजात:
सही इथं, काका. तिथं नाही, इथं.
सोमवारी माइकसमोर यायची,
चपला काढायची,
आणि पोटाच्या तळातून जे वर आणायची
त्याला मराठीत अजून शब्द सापडलेला नाही.
डरकाळी म्हणावी तर वाघ येतो.
आक्रोश म्हणावा तर कुणीतरी मेलेलं लागतं.
खालच्या चहावाल्यानं एकदा विचारलं,
"जनावर आजारी हाय काय?"

अकरा महिने.
हार्ड डिस्क एकदा गेली, चार गाणी घेऊन.
सन्मतीला तिसरी पाळी लागली,
शिरोलीहून, भट्टीवरून थेट यायचा,
भुवयांत काळी वाळू,
आणि क्लिकच्या किंचित मागं वाजवायचा.
मी स्क्रीनवर त्याचे ठोके ओढून रेषेत बसवले.
ऐकलं. कुणी भिंतीत खिळे ठोकतंय असं वाटलं.
परत मागं सारले,
एकेक, उजाडेपर्यंत.

तिसऱ्या गाण्यात, दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर
रेवतीचा आवाज फाटतो.
पुन्हा घेऊ, म्हणालो.
ती पाणी प्यायली, चपला घातल्या,
म्हणाली, राहू दे ते.
त्या आठवड्यात काय झालं होतं
मी विचारलं नाही.

नाव ठेवलं 'बीड'.
छापखान्यातला माणूस म्हणाला, मराठवाड्यातलं होय?
नाही, भट्टीतलं.
सीडी दोनशे.
"आता सीडी वाजतीया कुणाकडं?"
हेही त्यानंच विचारलं
आणि वर दहा टक्के सोडले.

प्रकाशन शाहूपुरीत, साखरपुड्याच्या हॉलमध्ये.
आदल्या दिवसाच्या झेंडूच्या माळा तशाच,
नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या कोपऱ्यात सारलेल्या.
माणसं एकतीस, त्यांत नऊ आमचीच नातलग.
चौथ्या गाण्याला फ्यूज उडाला.
गिटार मेली, माइक मेला,
सन्मती अंधारात वाजवतच राहिला.

पहिल्या रांगेत त्याचे वडील, भूपालअण्णा.
बत्तीस वर्षं मोल्डर.
कास्टिंग थंड झालं की हातोडीनं ठोकून ऐकतात:
खण्ण आलं तर पास,
बद्द आलं तर आत कुठंतरी चीर.

घरी जाऊन त्यांनी सगळी ऐकली म्हणे,
मांडी घालून, टोपी काढून.
दुसऱ्या दिवशी मला टायरच्या दुकानापाशी गाठलं.
"गाणं मला कळत न्हाई.
पर तिसऱ्यात चीर हाय."

हाय अण्णा, म्हटलं. माहीत हाय.

"मग रिजेक्ट का न्हाई केलं?"

मी टायरांकडं बघत राहिलो.
त्यांनी स्कूटर स्टँडला लावली,
खिशातून शंभराची नोट काढली,
कडेला काळ्या अंगठ्याचा ठसा.
"अजून एक दे," म्हणाले,
"आमच्या पाळीतल्या पोरांस्नी ऐकवतो."