दोन टक्के

माझं दुकान भडगावात, एस.टी. स्टँडला लागून.
पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड,
आणि खाली, पेंटरकडं जागा उरली म्हणून:
प्लॉट, घरे, शेती घेणे-देणे.
धंदा खालच्या ओळीवर चालतो.

गिरणेकाठची घरं दाखवायची एक रीत असते.
जानेवारीत दाखवावीत, सकाळी नऊला.
तेव्हा नदी घोट्याएवढी,
वाळूत बगळे, पलीकडं केळीचा पट्टा,
अन् गिऱ्हाईक आपणहून म्हणतं, हवा छान आहे हो इथं.
आपण हवेबद्दल बोलायचं नाही.
आपण म्हणायचं, बिनशेती आहे, उतारा कोरा आहे.
पाणी कुठवर येतं, असं कुणी विचारलंच
तर बोट दाखवायचं नळाकडं.
(माझं स्वतःचं घर टेकाडावर आहे.
विषय निघाल्याशिवाय मी ते सांगत नाही.)

हिलाल वाडिलेचं घर तीनदा दाखवून झालेलं.
दोन खोल्या, पत्रे, मागं न्हाणी, पुढं शेवगा.
भिंतींना नवा फिक्का मोतिया रंग,
तो मीच सुचवलेला.
कपाट कुठं ठेवायचं, तेही.

चौथ्यांदा आली जरीना तडवी,
सरकारी दवाखान्यातली सिस्टर, मूळ यावलकडची.
सोबत मुलगा, हातात अर्धा खाल्लेला पेरू.
बोलणं मोजकं, सुई टोचणाऱ्या बाईचं असतं तसं,
आधी नस शोधायची, मग बोलायचं.
नऊ वर्षं भाड्याच्या खोलीत काढलेल्या माणसासारखा
तिनं प्रत्येक खिळ्याला हात लावून पाहिला.

गोष्ट चौदा लाखांवर आली होती.
हिलालनं चहाची बशी खाली ठेवली,
उठला, अन् कपाटाला खांदा दिला.
मी डोळ्यांनी सांगत होतो, बस, अरे बस.
कपाट सरकलं. मोतियाच्या आतून
छातीएवढ्या उंचीवर एक तपकिरी रेघ
फुटून वर आलेली.
"आठेलोंग उनं व्हतं पानी," तो म्हणाला.
"दोन रात ऱ्हायनं. मंग गयं."

माझे दोन टक्के त्या रेघेखाली
हळूहळू बुडत चाललेले मी पाहिले.

जरीनानं मुलाला भिंतीशी उभं केलं.
रेघ त्याच्या डोक्यावर चार बोटं.
कुणी फोटो काढतंय असं वाटून तो ताठ राहिला,
पेरू मात्र चावत होता.
तिनं कसलातरी हिशेब केला,
वयाचा की पैशाचा, कळलं नाही.
"साडेतेरा," म्हणाली. "आणि वर पोटमाळा."
हिलाल म्हणाला, लाकूड पडेल से, मीच घाली देस.

निबंधकाकडं यंत्र त्याचा अंगठा घेईना.
जाळं ओढून ओढून रेषाच गेलेल्या.
ऑपरेटर म्हणे पुसा, हा सदऱ्याला पुसतोय,
शेवटी करंगळीला जमलं.
चतुःसीमा मी मोठ्यानं वाचल्या:
पूर्वेस आनंदा महाजन यांचे घर, पश्चिमेस रस्ता,
उत्तरेस बखळ, दक्षिणेस गिरणा नदी.
"कधळ-मधळ चारीमेर," हिलाल पुटपुटला.
खरेदीखतात त्याला रकाना नव्हता.

चावी द्यायच्या दिवशी तो पाना घेऊन आला.
बाहेरच्या भिंतीत एक लोखंडी कडी आहे, नाव बांधायची.
नाव वाळूवाल्याला कधीच विकलेली.
"कडी भावमा नव्हती. मन्हा बापनी से."
जरीना जरा वेळ कडीकडं बघत राहिली.
"राहू द्या," म्हणाली. "लागेल."
"पन नाव कोठे से तुम्हनी?"
"घेऊ,"
जसं कुणी म्हणतं, पंखा घेऊ, शेगडी घेऊ.

तोवर मुलगा कडीला लोंबकळून झोके घ्यायला लागला होता.
मी म्हणालो, अरे पडशील.
कडी हलली नाही.