जर्सी परत करायची आहे

खडकीच्या मैदानावर अजून
पहाटे मीच फक्की मारते.
दोरी धरायला कुणी नसलं
की एक टोक खिळ्याला, दुसरं विटेखाली.
गोलची रेघ मात्र दोनदा मारते.
तिथे माझी अकरा वर्षं गेली.

निवडीचं पत्र आलं होतं
कारखान्याच्या पत्त्यावर, वडिलांच्या नावाने.
फोरमनने फोडलं, मोठ्याने वाचलं,
आणि जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्या शॉपला कळलं
की साळव्यांची थोरली चेंडूमागे धावणार,
तेही देशाकडून.
त्या दिवशी वडिलांनी डबा भरलेलाच परत आणला.
आईने एवढंच विचारलं, "पगार किती?"

पगार नव्हता.
शाळेचा वर्ग होता, बाकं भिंतीला लावलेली,
फळ्यावर कुणाचं तरी त्रैराशिक अर्धवट.
त्याखाली सोळा जणी.
बूट पोरांच्या मापाचे, पुढे कापूस कोंबलेला.
कनकम्मा म्हणायची,
"माझ्या अंगठ्याला उशी आहे बघ, मलाच नाही."
ट्रीझाला मॅचच्या मध्यावरच पाळी आली,
चड्डी पांढरी.
शिट्टी वाजल्यावर आम्ही सगळ्यांनी तिला घोळक्यात घेतलं,
गळ्यात गळे घालून बाहेर काढलं.
प्रेक्षकांना वाटलं, पोरी किती आनंदात!
पाच-शून्यने हरलो होतो.

नंतर एक गृहस्थ वही उघडून उभे राहिले:
जर्सी परत करायची आहे.
सोमवारपर्यंत. धुऊन.

मी ती चाळीतल्या नळावर धुतली.
गुडघ्यापर्यंत येणारी, पुरुषाच्या खांद्यांची,
पाठीवर रेक्झिनचा एक, काळ्या दोऱ्याने शिवलेला.
दांडीवर टाकली तेव्हा
पलीकडच्या शेवंताकाकू म्हणाल्या,
"भावाची का गं?"
मी हो म्हणाले.

हे कुणाला सांगितलं नव्हतं.
सोमवारी सायकलवर जाऊन जर्सी देऊन आले,
वहीत सही केली.
पावती मागितली नाही.

आता उत्कर्षा खुडे.
दापोडीची, आईची इस्त्रीची टपरी.
आठ वर्षांची असताना हिने माझी ओली रेघ तुडवली होती,
मी ओरडले तर म्हणाली, "मग मला आत घ्या ना."
हिला बोलावणं फोनवर आलं, तिच्या स्वतःच्या.
कॅम्पमध्ये पायाचं माप घेतात, डाव्याचं वेगळं, उजव्याचं वेगळं.
छातीवर पट्टा बांधतात, किती धावलीस ते तो सांगतो.
"आणि बाई, फॉर्ममध्ये पाळीची तारीख विचारतात,
सरळ रकानाच आहे."
मी म्हटलं, बरं.
मग बराच वेळ जाळीची गाठ सोडवत बसले,
ती गाठ मुळात नव्हतीच.

सगळं झालं असं नाही.
भत्ता अजून दोन-दोन महिने लटकतो.
आमच्या मैदानावर रविवारी
कुणाच्या तरी वाढदिवसाचा मांडव असतोच,
आणि सोमवारी खिळे वेचायला पोरी.
तिची आई अजून विचारते, "पण पुढे काय?"
त्या बाईचं चुकतं असं मला म्हणवत नाही.

परवा ती बाहेरच्या देशात खेळली.
टपरीवर फोन इस्त्रीला टेकवून आम्ही पाहिलं,
कोळसा फुलवायचं राहून गेलं.
तिच्या पाठीवर तिचंच आडनाव होतं,
खांदे बरोबर खांद्यांवर बसलेले.
तीन-एकने हरल्या.
आधी पाच-शून्य, आता तीन-एक.
इतक्या वर्षांत एवढंच, असं कुणी म्हणेल.
म्हणू दे. तो एक गोल
मी सात वेळा मागे नेऊन पाहिला.

रात्री दीडला तिचा फोन.
रडत नव्हती, नाक मात्र चोंदलेलं.
"बाई, खरं सांगा,
दुसरा गोल माझ्यामुळे झाला का?"
खिडकीबाहेर मैदान काळं,
फक्कीच्या रेघा तेवढ्या दिसत होत्या.

मी हो म्हणाले.
"डावा पाय उशिरा हलला.
आलीस की सहाला ये.
आणि जर्सी घेऊन ये,
मला तिची शिवण बघायची आहे."