"इतर" या रकान्यात

अर्जावर तीन रकाने. विभागप्रमुख. मार्गदर्शक.
आणि तळाला, कोपऱ्यात दबलेला, "इतर".
बुसैना म्हणाली, तिथं तुम्ही लिहा, अंकल.
मी बीकर विसळत होतो.
म्हणालो, पोरी, माझी सही चालते फक्त
ॲसिडची बाटली कपाटातून काढताना.
ती हलली नाही. स्टुलावर बसून राहिली,
बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग.

तर लिहितो. मराठीत लिहितो.
डॉ. लुबना इनामदार मूळच्या परभणीच्या,
इंग्रजीत न्यायचं ते त्या नेतील.

मी हिंदुराव बाबर. निजवा, रसायनशास्त्राची प्रयोगशाळा.
अकरा वर्षं किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडं.
ऑनर्सची मुलं पुष्कळ पाहिली.
हुशारीचं अप्रूप राहिलं नाही, इथं ती पोत्यानं येते.
मी बघतो, काम संपल्यावर ब्युरेट कोण धुतं.

ही धुते.

फलजचं पाणी आणलं तिनं, चाळीस ठिकाणचं,
डोंगराच्या मुळापासून खजुरांच्या शेवटच्या बांधापर्यंत,
ऊन असं, की गाडीचं दार फडक्यानं धरावं.
एकोणिसाव्या बाटलीत मीठ फार निघालं.
तो आकडा वगळता आला असता गुपचूप,
बघायला मी एकटा, आणि मी पेंगत होतो.
ती परत गेली. पस्तीस किलोमीटर, बापाच्या पिकअपमधून.
आकडा बरोबर होता.
पाणीच बिघडलं होतं तिथं.

मागच्या वर्षीचंही सांगतो, लपवत नाही.
अर्ज रात्री बाराला बंद झाला,
हिनं बटण दाबलं बारा वाजून चार मिनिटांनी.
शेवटचा परिच्छेद सातव्यांदा सुधारत बसली होती.
रडली नाही. सगळी पिपेटं धुतली,
धुतलेलीसुद्धा.
डॉ. लुबना आल्या, कागद समोर ठेवला,
लाल शाईत एकच शब्द: पुन्हा.
मग स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी तिच्या पुढं सरकवली.

मला समजावता येत नाही. मी बापाचं सांगितलं.
बाप पाटकरी, फलटणच्या अलीकडं, कालव्यावर.
पाळी चुकली की लोक शिव्या त्यालाच घालत.
तो म्हणायचा, पाणी थांबत नसतं कुणासाठी,
पण फिरून येतं.
तोवर दांड साफ ठेवा.

बुसैना डोळे मोठे करून बघत राहिली.
तिचा आजोबा फलजवरचा अरीफ,
दिवसा काठीच्या सावलीवर पाळ्या मोजायचा, रात्री चांदण्यांवर.
म्हणाली, म्हणजे तुमचे वडील आणि माझा आजोबा
एकाच खात्यात!
हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

आता दारावर चार नवे कागद चिकटवलेत बाईंनी.
सोहारला उन्हाळ्यात एक जागा,
मस्कतला मार्चमध्ये परिषद, पोस्टर घेऊन,
धाकट्यांना शिकवायला ऑनर्सची दोन मुलं हवीत.
आणि हा तुमचा, दूरचा, सहा महिन्यांचा.
येणारीजाणारी पोरं फोटो काढतात आणि विसरतात.
हिनं तारखा मनगटावर पेनानं लिहून घेतल्या.
धाकट्यांचं काम तिनं आधीच सुरू केलंय,
कुणी सांगायच्या आधी. परवा एका पोराला म्हणत होती,
चुकलं ते खोडू नकोस, खाली लिही का चुकलं.

तुमच्या कागदावर विचारलंय:
अर्जदाराला किती काळ ओळखता? तीन वर्षं.
कोणत्या नात्यानं?
इथं मी बराच वेळ अडलो.
साहेब, रात्री नऊनंतर इमारत बंद होते.
तिचं काम उरलेलं असलं, की दार मी धरतो.
आमच्याकडं रानात पाणी देण्यालाही
हेच म्हणतात, दारं धरणं.
तेवढं लिहा.

ता. क.
तिकडं थंडी फार म्हणे. हिच्याकडं साधं स्वेटर नाही.
मी माणदेशातून घोंगडी मागवलीय.
टोचेल थोडी.
निकाल काही लागो, घोंगडी तिचीच.